हारात अडकलेला विद्युतदर्शी

मी एक जुना विद्युतदर्शी आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी मी म्हणजे बूच लावलेली काचेची बरणी. बुचातून उतरलेला पितळी दांडा, वर त्याची गोळी आणि खाली सोन्याच्या वर्खाची दोन पानं. पानं सख्खी भावंडं. पण दोघांवर सारखाच विद्युतभार आला की एकमेकांना दूर ढकलतात. भार गेला की पुन्हा गुपचूप शेजारी लटकतात. त्यामुळे माझ्या पोटात कायम धाकधूक.

पोलीस ॲक्शननंतर मी हैदराबादहून औरंगाबादच्या एका शाळेत आलो. विज्ञानाच्या भानुमतीबाई एबोनाइटची कांडी लोकरीवर घासत. लोकरीतले ऋण भार कांडीवर येत, कांडीवरून माझ्या गोळीवर आणि दांड्यातून पळत पानांवर. पानं फाकली की वर्ग टाळ्या वाजवी.

एका खंडेनवमीला शिपाईण द्वारकाबाईंनी शाळेची सगळी हत्यारं पुजली. घंटा, कुदळ आणि मी. मला ओलं हळदकुंकू आणि झेंडूचा भिजलेला हार मिळाला, माझ्या गोळीवरून थेट टेबलापर्यंत लोंबणारा.

त्याच दुपारी हेडमास्तर तात्यासाहेब मोडक्या वस्तू निवडत होते. संध्याकाळी भंगाराची गाडी शहागंजला जाणार होती. मी चालतो हे दाखवायला बाईंनी कांडी टेकवली. आलेला भार ओल्या हारावरून टेबलात, टेबलातून जमिनीत. पानं ढिम्म. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? बोलायला माझ्याकडे फक्त पानं, आणि तीच मिटलेली.

तात्यासाहेब म्हणाले, "हे गेलं, बाई. चढवा गाडीवर. हार तर आधीच घातलाय."

बाईंनी हाराला हात घातला, तशा द्वारकाबाई आडव्या आल्या. "पुजेचा हार उतरवू नाय, बाई. उद्या दसरा हाय."

"मावशी, त्याचा भार ह्या ओल्या हारातून जमिनीत चाललाय. हार राहिला तर हा जाईल."

द्वारकाबाई जरा घुटमळल्या. मग त्यांनीच हार उतरवला आणि पदरानं मला कोरडं केलं. बाईंनी पुन्हा कांडी टेकवली. पानं फाकली.

तात्यासाहेब इतके खूश झाले, की त्यांनी माझ्या गोळीवर शाबासकीची थाप दिली आणि हात तिथंच ठेवला. भार त्यांच्या अंगातून जमिनीत. पानं मिटली.

"पुन्हा गेलं की," ते हळहळले.

"साहेब, हात काढा," बाई म्हणाल्या. "जगेल ते."

त्यांनी हात काढला, बाईंनी कांडी टेकवली, पानं उघडली. गाडी माझ्याविनाच शहागंजला गेली.

पुढच्या खंडेनवमीपासून द्वारकाबाई मला लांबूनच हात जोडत आणि हार तात्यासाहेबांच्या खुर्चीला घालत. खुर्चीच्या कामात काही फरक पडला नाही.

म्हणून मित्रांनो, मला कोरडं ठेवा, धूळ पुसा. आणि माझं फारच कौतुक वाटलं, तर हात खिशात घाला.