सगळ्याचं उत्तर ‘नो’

तो फॉर्म ज्यानं लिहिला ना, त्याला एकदा आमच्या गुरुवारच्या वर्गात पहिल्या खुर्चीवर आणून बसवायला हवं. आणि समोर कासिल्दाला उभी करायची. त्रेसष्ट वर्षांची बाई. सव्वीस वर्षं सफरचंदांच्या बागेत शिड्या चढली, पण कुणाच्या झाडाचं लिंबूसुद्धा न विचारता तोडलं नाही. विचार म्हणावं तिला तोंडावर, बाई, तू कधी नरसंहार केला आहेस का? कुणाचा छळ? देहविक्रय? हो, असंच विचारतात! अमेरिकेचं नागरिक व्हायचं तर आपण खुनी-दरोडेखोर नाही हे इंग्रजीत सांगावं लागतं, आणि ‘नाही’ म्हणायला आधी तो शब्द कळावा लागतो. ऑफिसर मध्येच अडवतो, याचा अर्थ काय ते सांगा म्हणतो.

मी काही मास्तरीण नाही. पॅकिंग शेडमध्ये सफरचंदं निवडते. पण परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले आणि फादरनी चर्चच्या तळघरातला हा वर्ग माझ्या गळ्यात मारला.

माझी पद्धत सोपी. आधी शब्दाचा अर्थ, मग प्रश्न, मग सगळ्यांनी एका सुरात ‘नो!’ शेवटी कुणीतरी आणलेले मक्याचे तमालेस खायचे आणि घरी जायचं.

आमच्या स्पॅनिशमध्ये चोर म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत घर फोडणारा वेगळा, वाटेत लुटणारा वेगळा, दुकानातून उचलणारा वेगळा, खिसा मारणारा वेगळा.

“चोर फार दिसतात यांच्याकडे,” म्हातारा एवारिस्तो म्हणाला. “आमच्या गावात एकच होता. त्याला आम्ही महापौर म्हणायचो.”

हसून झाल्यावर कासिल्दानं हात वर केला. “अंपारो, विषारी फवारणी झाल्या झाल्या ओल्या झाडांखाली माणसं कामाला घालतो, त्या मुकादमाला काय म्हणतात?”

मी परीक्षेच्या तयारीचं पुस्तक पुढून मागून चाळलं. त्याला शब्दच नव्हता. चार प्रकारचे चोर, तीन प्रकारचे खून, आणि त्याला शब्द नाही! तेव्हाच मी ते पुस्तक चुलीत घालायला हवं होतं.

कासिल्दा माझी कोमाद्रे. तिच्या लेकीचा, नोएमीचा, बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्ममाता, म्हणजे माद्रिना, मी होते, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या घरच्याच. नवऱ्यामुळे कासिल्दाला इथे राहायचे कायदेशीर कागद मिळाले. पोरीचे मिळायच्या आधीच तो वारला. नोएमी आता एकोणतीस वर्षांची आहे, म्हाताऱ्यांच्या आश्रमात लोकांना अंघोळी घालते, आणि रस्त्यात पोलिसाची गाडी दिसली की ती वाट बदलते. आई नागरिक झाली की पोरीसाठी अर्ज करणार, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. नाहीतर कासिल्दाला काय करायचं होतं मत देऊन!

शिकली मात्र जिद्दीनं. स्वयंपाकाच्या वहीत शब्द लिहायची. मोले रश्श्याच्या कृतीखाली ‘जाळपोळ’, कणसाच्या सूपाशेजारी ‘खोटी साक्ष’. सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी माझी.

मग ते पान आलं. स्मगलर.

“पैसे घेऊन माणसं सीमेपलीकडून आणतो तो,” मी म्हटलं.

“पैसे घेऊनच?” कासिल्दानं विचारलं.

मी प्रश्न परत वाचला. पैशांचा उल्लेख नव्हता. कुणालाही, कधीही, बेकायदा यायला मदत केली आहे का, बस्स.

“कुणालाही म्हणजे? पोटच्या पोरीलाही?”

“कुणालाही,” मी म्हटलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण बाण सुटला होता.

बाकीच्यांनी ‘नो!’ म्हणून तळघर दणाणून सोडलं. कासिल्दानं वही मिटली.

वर्ग सुटल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. “हे बघ कोमाद्रे, ते गुंडांसाठी आहे. तू मुकाट्यानं नो म्हण.”

“तीन वर्षांची होती गं ती. सीमा ओलांडताना तीन दिवस शालीत बांधून पाठीवर घेतली होती. तहानेनं रडायचीही बंद झाली होती. त्याला स्मगलर म्हणतात?”

“म्हणणाऱ्यांच्या तोंडात माती पडो. तू नो म्हण.”

“हात वर करून, देवाची शपथ घेऊन?”

“देवाला माहीत आहे सगळं. तो काय ऑफिसरला सांगायला जाणार आहे?”

ती जिना चढू लागली. उपासाच्या दिवशी चुकून दोन घास जास्त खाल्ले तरी शनिवारी फादरसमोर कबुली देणारी बाई ही. मला कळायला हवं होतं.

मुलाखतीच्या दिवशी मीच तिला गाडीनं नेलं. नोएमी त्या इमारतीजवळ फिरकत नाही, ती दोन गल्ल्या अलीकडे पावाच्या दुकानात थांबली. मी बाहेर बाकावर जपमाळेचे मणी ओढत बसले. तासाभरानं कासिल्दा बाहेर आली ती चक्क हसत.

“एक शब्द चुकला नाही!” गाडीत बसल्या बसल्या म्हणाली. “जाळपोळ विचारलं, सांगितलं. खोटी साक्ष, सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुमचं इंग्रजी फार छान आहे.”

“आणि तो प्रश्न?”

“तोही विचारला. मी येस म्हटलं.”

मी किल्ली परत काढून घेतली.

“तो जरा गोंधळला बिचारा. म्हणाला, शब्द अवघड आहे, तुम्हाला कळला नसेल, आपण पुढे जाऊ. मी म्हटलं, कळला ना! त्यानं परत विचारलं, हळूहळू, लहान मुलाला विचारावं तसं. मला रागच आला, हा मला अडाणी समजतो की काय! मग मी अर्थ सांगितला. अख्खा, तू शिकवलास तसा. शाल कशी बांधली तेही हातानं करून दाखवलं.”

“मग?”

“मग त्यानं पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं उचललं आणि बराच वेळ लिहीत बसला.” तिनं मला कागद दिला. निर्णय नंतर कळवू, असं त्यावर होतं.

दार उघडून दिलं होतं त्या माणसानं! दोनदा! तिला इंग्रजी जरा कमी आलं असतं, तर ती मान हलवून सुटली असती. वर्गातली सगळ्यांत ढ बाई असती तर नागरिक होऊन बाहेर आली असती. आणि तिला ढ ठेवलं नाही कुणी? मी! मी मेलीनं!

दुकानात नोएमीनं कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. “माद्रिना, हा शब्द तिला शिकवलासच कशाला?”



मग ती आईवर फिरली. “नो म्हणायचं होतंस ना, आई! एवढासा शब्द! माझं सगळं आयुष्य अडकलंय त्यात, आणि तुला तेवढं म्हणवलं नाही?”

आजूबाजूचे लोक बघायला लागले. कासिल्दानं मांडीवरची पर्स शांतपणे टेबलावर ठेवली. आता ती हसत नव्हती.

“बाकी सगळ्याला नो म्हटलं मी. दारूला, खुनाला, चोरीला, सगळ्याला. पण तू माझ्या पाठीवर नव्हतीस, असं शपथेवर कसं सांगू? मग कुणाच्या पाठीवर होतीस गं तू?”

नोएमीनं कागदाची घडी घातली, परत उलगडली. मग तो आईच्या पर्समध्ये ठेवला. माझ्या त्या पुस्तकात हा प्रश्नच नव्हता.