हंड्यातलं पाणी

सोमवारी सकाळी गिरिधरचे दोन्ही महाशिंपले तोंड वासून पडले होते, आणि घरात कुणाच्याच घशाखाली चहा उतरत नव्हता.

जालन्यात बसून समुद्र पाळायचा म्हणजे खायचं काम नाही. हॉलमधल्या सहा फुटी टाकीत खास मीठ कालवलेलं पाणी, पोवळी, वर निळे दिवे, आणि वाळूवर हे दोघे, निळ्या-हिरव्या मखमली कडा पसरून दिवसभर उजेड खात बसलेले. ऑफिसातून आला की गिरिधर बूटही न काढता त्यांच्यासमोर उभा राही. बायकोने, अरुंधतीने, आणून ठेवलेला चहा निवून जाई. दिवाळीत ती वैतागून पाहुण्यांदेखत म्हणाली होती, की एक दिवस मी ह्यांचे शिंपले आमटीत टाकणार आहे. सगळे हसले. गिरिधर तेवढा हसला नाही.

मागच्या आठवड्यात तो चार दिवस ट्रेनिंगला नागपूरला गेला. टाकीतलं जेवढं पाणी उडून जातं तेवढं फिल्टरचं साधं पाणी रोज ओतायचं असतं. हे काम त्याने बायकोला नाही, कामाला येणाऱ्या कडूबाईंना सांगितलं. केदारखेड्याची, मेंढरं राखलेल्या घरातली बाई, तिला जीव सांभाळायला शिकवावं लागत नाही, असं तो अरुंधतीच्या तोंडावर म्हणाला. ते तिला झोंबलं. पहिल्याच दिवशी फिल्टरचं मशीन बंद पडलं. कडूबाई विचारायला स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा अरुंधती मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, हंड्यातलं टाका, आपण पितोच की. हंडा तांब्याचा. रोज रात्री भरून ठेवायचा आणि सकाळी ते पाणी प्यायचं, ही तिच्या माहेरची रीत.

आता गिरिधरने काचेच्या नळीत टाकीचं पाणी तपासलं आणि त्याचा चेहरा उतरला. पाण्यात तांबं होतं. माणसाला चालतं ते तांबं ह्या जिवांना विष. एक शिंपला बोट लावलं तरी मिटेना. दुसरा सावली पडली की कड जराशी आत ओढत होता, म्हणजे त्याच्यात अजून धुगधुगी होती. पाणी बदललं तर तो वाचला असता. पण खोट मिठातच असली तर नवं पाणीही त्याला मारणार. तांबं आलं कुठून हे कळल्याशिवाय गिरिधरला काही करता येईना. तो मिठाची पिशवी उलटसुलट करून बघत राहिला.

तांबं म्हटल्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या अरुंधतीला हंडा आठवला. एक वाक्य पुरलं असतं. पण दिवाळीतलं ते बोलणं आडवं आलं. चुकून झालं यावर हा माणूस जन्मात विश्वास ठेवणार नव्हता.

ओले हात घेऊन कडूबाई पुढे आल्या.

"साहेब, म्या टाकलं. मशीन बंद पडल्ती, मंग तांब्याच्या हंड्यातलं टाकलं. चारी दिवस."

गिरिधरने मिठाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, उद्यापासून येऊ नका. कडूबाईंनी हात पुसले, आपली पिशवी उचलली. बाईंनी सांगितलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. अरुंधतीकडे त्यांनी साधं बघितलंही नाही, आणि तेच तिला सोसवेना. कडूबाई चपला घालायला वाकल्या तेव्हा तिला तोंड फुटलं.

"त्यांना मी सांगितलं होतं."

गिरिधर वळला. "मुद्दाम?"

"नाही." ती दारातून पुढे आली. "तांबं चालत नाही, हे तुम्ही कधीतरी सांगितलं असेल. मला आठवत नाही. तुम्ही टाकीचं बोलायला लागलात की मी ऐकतच नाही. किती वर्षं झाली, ऐकतच नाही."

कडूबाईंना पिशवी ठेवायला सांगून त्याने नव्या पाण्यात मीठ कालवायला घेतलं. मग तो आणि कडूबाई मिळून टाकीतलं पाणी उपसू लागले. अरुंधतीने पदर खोचला आणि भरलेली एक बादली उचलली. गिरिधरने ती तिच्या हातातून काढून घेतली, हळूच, अदबीने, पाहुण्याच्या हातून उष्टं ताट घ्यावं तशी. तिने मुद्दाम केलं असतं तर तो निदान भांडला असता.