दुसऱ्या कंपनीचं औषध

बद्रीनाथ सतरा वर्षं एकाच कीटकनाशक कंपनीत होता. सिल्लोडकडच्या गावांत फिरून कपाशीवर कोणतं औषध कधी फवारायचं, हे शेतकऱ्यांना सांगायचं, हे त्याचं काम. राजकुमार दुसऱ्या कंपनीचा माणूस. दोघं एकमेकांच्या औषधाला गावोगाव नावं ठेवायचे आणि फाट्यावर एकत्र चहा प्यायचे.

जूनमध्ये राजकुमारच्या कंपनीनं बद्रीनाथची कंपनी विकत घेतली. शहरात क्रांती चौकाजवळच्या हॉटेलात बैठक झाली. तालुक्याला आता एकच माणूस पुरणार होता. बद्रीनाथला ठेवलं, राजकुमारला काढलं. औषध मात्र राजकुमारचं राहिलं. बद्रीनाथचं, पानांचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर खरंच चालणारं, बंद झालं. का, ते कुणी सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

पुंडलिकनगरला घरी आल्यावर बायकोनं, शीलानं विचारलं, "नोकरी राहिली ना?"

"राहिली," म्हणून तो जेवायला बसला.

ऑगस्टमध्ये तो मंजुळाबाईच्या शेतात गेला. चार एकर कपाशी ती एकटीच बघायची. पानांच्या कडा लाल पडून वळल्या होत्या.

"मागच्या सालचंच औषध सांगा, साहेब."

"ते बंद झालं, मावशी. आता हे मारा."

तिनं बाटली निरखली. "हे तर राजकुमार साहेबाचं. यानं तुडतुडा मरत नाय, असं तुम्हीच म्हणला होता."

"दोन्ही कंपन्या एक झाल्या."

"मंग औषध सुधरलं का?"

बद्रीनाथ म्हणाला, "दुकानात दुसरं काही नाय आता."

तिनं फवारलं. दहा दिवसांनी त्यानं पान उलटून पाहिलं. तुडतुडे तिरके पळाले.

"परत मारू का?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

कंपनीनं 'दुसरी फवारणी सुचवा' असं सांगितलं होतं. "नका मारू," तो म्हणाला. मोटारसायकलवर बसून त्यानं मोबाईलवरच्या अहवालात 'समाधानकारक' भरलं.

फाट्यावरून त्यानं राजकुमारला फोन लावला.

"तुझं औषध चालत नाही."

"मला पहिल्यापासून माहीत होतं," राजकुमार म्हणाला. "तू सांगायचास ते खरंच होतं."

बद्रीनाथनं फोन ठेवला आणि मोटारसायकल सुरू केली.

पुढच्या साली मंजुळाबाईनं कपाशी सोडून चारही एकरांत मका लावला. कंपनीनं बद्रीनाथला मक्याची औषधं दिली. तो ती घेऊन तिच्याकडे गेला.