अ‍ॅथलोनची बहीण

नुआलाबाईंनी व्लात्कोच्या हातातला पांढरा शर्ट ओढून घेतला, इस्त्रीच्या फळीवर पसरला आणि कॉलरवर पाण्याचा फवारा मारला.

“असला बोळा घालून जाणार होतास भाचीच्या कम्युनियनला? अ‍ॅथलोनचे लोक म्हणतील, डब्लिनमध्ये याला कुठल्या गोठ्यात ठेवलंय.”

“मी करतो ना, मिसेस डोरन.”

“तू बस. पुरुषांच्या इस्त्रीने सुरकुत्या जात नाहीत, नुसत्या जागा बदलतात.”

व्लात्को बसला. शर्ट घेऊन तो खाली आला होता खरा, पण इस्त्रीसाठी नव्हे. सकाळपासून त्याने एक वाक्य घोकून ठेवलं होतं : आजची एक रात्र मी इथेच राहिलो तर चालेल का? वाक्य लहान होतं. धीर त्याहून लहान होता. हातात काहीतरी असलं म्हणजे माणूस कामानिमित्त स्वयंपाकघरात आलाय असं दिसतं, म्हणून शर्ट.

नुआलाबाईंच्या घरी खोली मिळायची ती पाच दिवसांची. रविवारी संध्याकाळी यायचं, शुक्रवारी सहाच्या आत बाहेर पडायचं. त्या गल्लीत निम्म्या घरांचा व्यवहार असाच होता. नोकरीला किंवा शिकायला आलेली गावाकडची पोरं शुक्रवारी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन आईकडे जात, आणि दोन दिवस घर पुन्हा मालकिणीचं होई. भाडं त्यामुळे उतरतं. व्लात्कोला सातही दिवसांची खोली परवडत नव्हती. प्रवासी निवासातल्या बारा जणांच्या खोलीतली एक खाटसुद्धा शहरात एखाद्या गायकाचा कार्यक्रम असला की दुप्पट महाग होई, आणि या शहरात गायकांना काही तोटा नव्हता.

तो क्रोएशियातल्या पोझेगाचा. तिथला फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हा भांडार त्याच्या ताब्यात होतं आणि वय सत्तेचाळीस होतं. मार्चमध्ये तो काम शोधायला इकडे आला. पहिल्या भेटीत नुआलाबाईंनी चहा ओतता ओतता सहज विचारलं होतं, “शनिवार-रविवार कुणाकडे जाशील?”

“बहिणीकडे,” व्लात्को म्हणाला. त्याला बहीण नव्हती. कुठे, असं त्या विचारतील म्हणून सकाळी बसवर वाचलेली पाटी आठवून त्याने पुढे जोडलं, “अ‍ॅथलोनला.”

“मग हरकत नाही. ज्याचं कुणीच नाही असा माणूस मी ठेवत नाही बाबा. एकदा ठेवला होता. ताप आला तर माझ्या गळ्यात, आणि नाताळात तोंड पाडून माझ्याच जिन्यात बसलेला.”

बहीण अशी फुकटात मिळाली. पोसायला मात्र महाग पडत गेली. आधी तिला नाव लागलं, यास्ना. मग नवरा लागला, तो रुग्णालयात रात्रपाळीला असे, म्हणून फोनवर कधी सापडत नसे. मग मुलगी, लुत्सिया. दर शुक्रवारी नुआलाबाई यास्नासाठी सोडा घालून भाजलेला पाव पत्र्याच्या डब्यात घालून देऊ लागल्या. डबा रिकामा परत करणं जसं पोझेगात बरं दिसत नाही तसं इथेही दिसत नाही. तेव्हा व्लात्को रविवारी दुकानातला सर्वांत स्वस्त मुरांबा घ्यायचा, बाटलीवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढायचा आणि ती डब्यात ठेवून आणायचा.

“बहिणीच्या हाताला चव आहे हो तुझ्या,” नुआलाबाई बोट चाटत म्हणायच्या.

पाव तो स्वतः खायचा, विमानतळावर. बॅग घेऊन बसलेल्या माणसाला तिथे कुणी काही विचारत नाही. सगळे त्याला कुठेतरी जाणारा समजतात. शुक्रवारी तो येणाऱ्यांच्या दालनात बसे, शनिवारी जाणाऱ्यांच्या. सफाई कामगारांनी तोंडओळख दाखवायला सुरुवात केली तसा तो जागा बदलू लागला.

असंच बाकावरून उठून तो महिन्यापूर्वी एका शनिवारी गोदामात चाचणीच्या कामाला गेला होता. दाढी वाढलेली, मान आखडलेली. खोकी मोजताना दोनदा चुकला आणि दुपारी त्याला हात मिळवून निरोप देण्यात आला. उद्या सकाळी सात वाजता दुसऱ्या एका गोदामात तसंच काम होतं. हेही गेलं तर महिनाअखेरीला पोझेगाचं तिकीट काढण्याइतकेच पैसे उरत होते. म्हणून आजची रात्र बिछान्यात काढायची होती. सरळ पाठ टेकून. बस, एवढंच.

पण उद्याच लुत्सियाचं पहिलं कम्युनियन होतं, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा. मे महिना लागल्यापासून नुआलाबाईंच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. कुणाच्या पोरीचा पांढरा झगा, कुणाच्या डोक्यावरची जाळी, कुणी पोरीला घोडागाडीतून चर्चला आणलं. “तुझ्या भाचीचं कधी?” असं त्यांनी विचारलं तेव्हा व्लात्कोने भिंतीवरच्या कॅलेंडरातला पहिला दिसला तो शनिवार सांगून टाकला होता.

जिन्यावर दाणदाण पावलं वाजली. वरच्या खोलीतला कॉनल खाली आला. सरकारी कचेरीतला हा पोरगा रॉसकॉमनचा. खांद्यावर कपड्यांची पिशवी, बोटात गाडीची किल्ली.

“काय व्लात्कोराव, येताय ना? अ‍ॅथलोन माझ्या वाटेवरच आहे. या वेळी मात्र बहिणीला भेटल्याशिवाय हलणार नाही. चहा तरी पाजेल की नाही?”

व्लात्कोने टेबलावरची कपबशी थोडी बाजूला सरकवली, मग पुन्हा जागेवर आणली.

एप्रिलमध्ये एकदा या कॉनलने त्याला आग्रहाने गाडीत घातलं होतं. अ‍ॅथलोनमध्ये शिरल्यावर ‘इथे डावीकडे, आता उजवीकडे’ करत व्लात्कोने त्याला एका वसाहतीत आणलं आणि पिवळ्या दाराच्या घरापुढे उतरला. पण कॉनल चांगल्या घरचा. दार उघडून माणूस आत जाईपर्यंत तो कसला निघतोय! गाडी सुरू ठेवून हसत बसून राहिला. शेवटी व्लात्को घरच्यासारखा बाजूच्या बोळातून परसात गेला, कोपऱ्यावरून हात हलवला आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभा राहिला. तिथे एक म्हातारं कुत्रं होतं. त्याने व्लात्कोचे बूट हुंगले, पावाच्या डब्याकडे पाहिलं आणि भुंकलं नाही. पुढचे दोन दिवस त्या अनोळखी गावात नदीकाठाने हिंडण्यात गेले, आणि परतीच्या बसचं भाडं अंगावर बसलं.

“मी बसने जातो,” व्लात्को म्हणाला. “केक घ्यायचाय.”

“केक अ‍ॅथलोनला मिळत नाहीत वाटतं?” नुआलाबाई बाहीवरून इस्त्री फिरवत म्हणाल्या.

“ठरवून ठेवलाय. इथल्या दुकानात.”

“जाऊ दे हो, नुआलाबाई. माझी गाडी धुतलेली नाही, म्हणून लाजतायत ते,” कॉनल म्हणाला. “पोरीला सांगा, कॉनलकाकाने आशीर्वाद दिलाय. आशीर्वादाला पैसे पडत नाहीत.”

“तू दुसरं काही देणारच नाहीस, चिकट्या. नीघ, आई वाट बघत असेल.”

दार आपटलं. गाडी गेली. स्वयंपाकघरात इस्त्रीचा फुसफुस आवाज तेवढा राहिला. व्लात्को उठून उभा राहिला आणि खुर्चीची पाठ त्याने दोन्ही हातांनी धरली.

“मिसेस डोरन, आजची एक रात्र...”

“आजची रात्र त्या पोरीला झोप नाही लागायची बघ.” त्यांनी शर्ट उचलून उजेडात धरला. “माझ्या वेळी मला नाही लागली. माझा मामा लिव्हरपूलहून यायचा होता. दारू प्यायचा, सगळे म्हणत होते येणार नाही. मी आपली खिडकीत. पहाटे आला, बोटीचा वास मारत, आणि शर्ट कसला होता सांगू? असा पांढराफेक.” शर्ट हँगरला लावून त्यांनी वरचं बटण लावलं. “झगा विसरले मी, चर्च विसरले. मामा आला ते लक्षात आहे. तू काय म्हणत होतास?”

व्लात्कोने हँगर हातात घेतला.

“आजची बस चुकायला नको, म्हणत होतो.”

“मग उभा काय राहिलास? आणि वर्णन नीट करून सांग रविवारी. मागच्या वेळी वाढदिवसाचं विचारलं तर म्हणालास, छान होता. छान काय! हवामान छान असतं.”

सहाला पाच कमी असताना तो फाटकाबाहेर पडला. डबा बॅगेत, शर्ट हातात.

विमानतळावर त्याने सामानाच्या ढकलगाडीच्या दांड्याला हँगर अडकवला आणि स्वतः जुन्या स्वेटरात बसून राहिला. पहाटे प्रसाधनगृहात दाढी केली, शर्ट घातला, आणि पहिल्या बसमध्ये जागा असूनही पाठ चुरगळू नये म्हणून उभ्याने गेला.

गोदामाचा मुकादम टायर्नन नावाचा गलेलठ्ठ माणूस होता. त्याने व्लात्कोकडे वरून खाली पाहिलं.

“लग्नाला आलायस की खोकी उचलायला?”

“उचलायला.”

“मग वरून हे चढव.” त्याने एक पिवळं जाकीट फेकलं.

सकाळभर व्लात्कोने मोजलं, रचलं, पुन्हा मोजलं. पाय जड झाले होते आणि एकदा दोन कपाटांच्या मध्ये त्याने क्षणभर डोळेही मिटले, पण आकडा डोक्यातून सुटू दिला नाही. दुपारी टायर्ननने त्याला काचेच्या खोलीत बोलावलं, कानामागचं पेन काढलं आणि फार मोठी गोष्ट नसल्यासारखं म्हणाला, “सोमवारी ये. सातला. आता सांग, उद्या तुझ्या पायावर खोकं पडलं तर फोन कुणाला करायचा? ते तुझं पोझेगा-बिझेगा नको. इथलं कुणी.”

व्लात्को काचेतून बाहेर बघत राहिला. बाहेर दोघं जण खोक्यावर बसून डबा खात होते, एकमेकांच्या डब्यात वाकून बघत.

“कुणीतरी असेलच की,” टायर्नन म्हणाला. “प्रत्येकाचं असतं.”

“नुआला डोरन,” व्लात्को म्हणाला. मार्चपासून त्याला एवढा एकच नंबर पाठ होता. त्याने तो सांगितला.

“कोण लागते?”

“बहीण.”

“डोरन?”

“लग्न झालंय तिचं.”

टायर्ननने लिहून घेतलं आणि टेबलावरचा फोन पुढे ओढला. “मध्ये एका गड्याचा हात मोडला. त्याने दिलेला नंबर लावला तर पलीकडे पिझ्झावाला. तेव्हापासून मी लगेच लावून बघतो.”

व्लात्कोचा हात वर गेला. काय करावं हे न सुचून तो जाकिटाची कॉलर नीट करू लागला. घंटी त्याला इथवर ऐकू येत होती.

“हॅलो, व्लात्कोची बहीण का? ... नाही नाही, काही झालेलं नाही, धडधाकट आहे. माझ्यासमोर उभा आहे. ... गोदामातून बोलतोय. ... डब्लिनच्याच, हो. ... सकाळी सातपासून.”

मग टायर्नन नुसता ऐकत राहिला. बराच वेळ पलीकडून काहीच येत नसावं, कारण त्याने एकदा फोन कानापासून लांब धरून पाहिला. मग पुन्हा लावला.

“हो. ... पांढरा, हो. चांगला दिसतोय. ... सोमवारपासून, पक्कं. ... बरं. सांगतो.”

त्याने फोन ठेवला.

“कडक आहे बाई.”

व्लात्कोचा हात कॉलरवरून खाली आला.

“म्हणाली, बहीणच आहे, खुशाल लिहा. आणि तुला निरोप आहे.” टायर्ननने पेन पुन्हा कानामागे खोचलं. “शनिवार-रविवारचं भाडं वेगळं पडेल, म्हणे. सख्ख्या भावाकडून भाडं घेते?”

“घेते,” व्लात्को म्हणाला. मग त्याने विचारलं, “आज किती वाजता सुटायचं?”