पवनीच्या गच्चीवरचे म्युऑन

"विश्वाचा खरा इतिहास ज्या दिवशी लिहिला जाईल," केवळराम सर शाळेच्या गच्चीवर उभे राहून म्हणाले, "त्या दिवशी पवनीचं नाव पहिल्या पानावर राहील."

एवढं बोलून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि विश्वाच्या इतिहासावर वानरांनी सकाळी जे करून ठेवलं होतं, ते पुसायला घेतलं.

रुचिता हसली नाही. एरवी हसली असती. ती नागपूरहून पहिल्या बसने आली होती. हातात पेचकस होता आणि डोक्यात संताप. सरांनी पुसून लख्ख केलेली ती काळी पेटी उचलून परत आण, असा तिला तिच्या संशोधन संस्थेचा हुकूम होता.

पेटीत खास प्लास्टिकच्या दोन पाट्या होत्या. आकाशातून म्युऑन नावाचे कण अष्टौप्रहर कोसळत असतात. छपरातून, माणसातून, माणसाच्या मोठेपणातून आरपार जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही. पाट्यांतून गेले की मात्र बारीकसा प्रकाश चमकतो आणि यंत्र एक कण मोजतं. अशा पेट्या देशभर ठेवल्या होत्या. पवनीतही एक ठेवावी म्हणून रुचिता वर्षभर भांडली होती. शाळा तिची, सर तिचे. निवृत्त झाले तरी प्रयोगशाळेची किल्ली अजून त्यांच्याच कडदोऱ्याला होती.

आणि मागच्या बैठकीत घात झाला. सूर्यावर वादळ झालं, त्या आठवड्यात सगळ्या केंद्रांवर कण घटले. पवनीत घटले नाहीत. विभागप्रमुख गोड हसून म्हणाले, "पवनीचा सूर्य बहुतेक वेगळा असावा." सभागृह खिदळलं. रुचिता उभी राहिली. "यंत्रात बिघाड असेल तर मी शोधते," ती म्हणाली. "पण गावातला मास्तर म्हणून त्या माणसावर बोट ठेवणार असाल, तर शोधनिबंधातून माझंही नाव काढा." त्या निबंधावर तिची चार वर्षं खर्ची पडली होती.

"काहून वं, अशी गप्प काहून?" सरांनी विचारलं. "चहा सांगू?"

"सर, ते तुमच्यावर खोटेपणाचा आळ घेतात."

दुपट्टा हवेतच थांबला.

"माझ्यावर? अवं, उभा जन्म फिजिक्स शिकवण्यात गेला माझा! या डब्याले मी देवघरासारखं ठेवलं. घरी सुलोचना म्हणते, मले ताप आला तरी एवढं पाहत नाही तुम्ही. कोण तो भैताड? लाव फोन त्याले!"

रुचिताला बरं वाटलं. संतापाला दुसरा खांदा मिळाला की तो वाहायला सोपा जातो. तिने पेचकसाने पेटी उघडली. तारा तपासल्या, काळी चिकटपट्टी तपासली, वीजदाब तपासला. सगळं ठणठणीत. यंत्र इतकं नीट होतं की तिला त्याचाही राग आला.

राहिले होते फक्त आकडे. गच्चीवर नेटचा भरवसा नव्हता, म्हणून यंत्रातलं कार्ड काढून सर रोजचे आकडे स्वतः संगणकावरून पाठवत.

"रोज करता तसंच करा, सर. मी बघते."

खाली प्रयोगशाळेत सरांनी चष्मा चढवला, कार्ड लावलं. मिनिटामिनिटाचे आकडे पडद्यावर उतरले. शंभर. सत्त्याण्णव. एकशे सतरा. सरांनी च्यक् केलं, एकशे सतरा खोडला आणि तिथे एकशे एक लिहिला.

रुचिताने पेचकस टेबलावर ठेवला.

"सर, हे काय?"

"साफ करून राहिलो."

"म्हणजे?"

"तांदूळ निवडत नाही का आपण? खडा दिसला का काढला. शंभराच्या आसपास यायले पायजे, मंग हा एकशे सतरा कुठून घुसला? आन् हे पाय, ब्याऐंशी. यंत्र हाय, घेते एखादी डुलकी." ब्याऐंशीचे अठ्ठ्याण्णव झाले.

"रोज करता असं?"

"एक दिवस चुकलो नाई," सर अभिमानाने म्हणाले. "त्या एका हप्त्यात तं कंबर मोडली. सरासरीच शंभरावर चढेना. जेवायले फुरसत नव्हती, पण सगळे वर आणले."

रुचिता इतक्या जोरात उठली की खुर्ची मागे आडवी झाली.

"ते वादळ होतं, सर! सूर्यावरून या गच्चीवर आलं होतं! यंत्राने पकडलंही होतं, आणि तुम्ही ते दुरुस्त केलं? मूळचे आकडे कुठायत?"

"पुसले. कार्डावर जागा नको?"

"मी सगळ्यांसमोर भांडले तुमच्यासाठी! माझं नाव पणाला लावलं! मुळातच खोटं..."

"खोटं?" आता सरही उभे राहिले. "मले खोटं म्हणते? तुले प्रॅक्टिकलले तीसपैकी तीस कसे पडले होते वं?"

रुचिताला ते तीस आठवले.

बारावीला लंबकावरून गुरुत्वाकर्षण मोजायचा प्रयोग होता. तिचं उत्तर अकराच्या वर गेलं होतं. सर मागून आले, काही न बोलता तिच्या दोन नोंदी खोडल्या, नव्या घातल्या. नऊ पूर्णांक आठ. बाहेरून आलेले परीक्षक "वा" म्हणाले होते. सगळ्या वर्गाचं नऊ पूर्णांक आठच आलं. त्या दिवशी पृथ्वीने पवनीत एकाही पोराला निराश केलं नव्हतं. त्याच गुणांवर रुचिता पुढे गेली होती.

तिने खुर्ची उचलून सरळ केली. मग व्हरांड्यात जाऊन विभागप्रमुखांना फोन लावला.

"सर, यंत्र उत्तम आहे. पवनीचे आजवरचे आकडे काढून टाका. हो, सगळे. हाताने बदललेले आहेत... लबाडी नाही, सवय. मलाही तीच लावलेली होती... हसून घ्या, मी थांबते... झालं? पेटी मी आणत नाहीये. दोन महिने द्या... निबंधातलं माझं नाव? काढा."

आत येऊन ती सरांशेजारी बसली. एकशे सतरा आला तर एकशे सतराच ठेवायचा, तिने सांगितलं. कण ठरवून येत नाहीत. कधी जास्त, कधी कमी, हेच त्यांचं खरं. सर हाताची घडी घालून शहाण्या पोरासारखे ऐकत होते.

"बरोबर उत्तर कोणालाच माहीत नाही, सर. म्हणून तर मोजायचं."

"कोणालेच नाई? तुमच्या त्या साहेबालेबी?"

"त्यांनाही नाही."

या बातमीने सरांचा चेहरा पुष्कळ उजळला.

संध्याकाळी ते तिला बसपर्यंत पोचवायला आले. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बस घरघरायला लागली, तसे सर खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.

"पटलं पोरी तुझं. आता एका आकड्याले हात लावणार नाई. सुलोचनेची शपथ."

"बास, सर. एवढंच हवं होतं."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि कोणी ऐकत नाहीसं बघून आवाज खाली आणला.

"फक्त, अंदाजानं किती यायले पायजे, तेवढं सांगून ठेव ना."