पितळेचा सांधा

ग्रीस ताजं होतं.

सोमाजीनं बोट पुन्हा एकदा फिरवलं आणि नाकाशी नेलं. धानाच्या गोदामात चाळीसेक वर्षं विटांवर उभी असलेली गाडी. तिच्या पोटाखाली सगळीकडे धूळ, कोंडा आणि कोळ्यांची जाळी. फक्त पुढच्या डाव्या चाकामागं, चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, वळणावर, बोटभर जाड नवीन ग्रीस. चाक तर फिरत नाही. मग ग्रीस कोणासाठी?

"काय दिसते?" वरून आवाज आला.

"अंधार दिसते, काकाजी."

"मंग टॉर्च लाव."

"लावलाच हाय."

वासुदेवराव खुर्चीवर बसल्या बसल्या हसले. हसताना त्यांना धाप लागली. अड्याळच्या या राइस मिलचे ते मालक. वय ऐंशीच्या वर, अंगावर पांढरा सदरा, मांडीवर आडवी काठी. मिल त्यांनी केव्हाच दुसऱ्याला चालवायला दिली होती, पण मागचं हे गोदाम आणि त्यातली गाडी स्वतःकडे ठेवली होती. विलायती, बुटकी, दोन सीटची, छत नसलेली शर्यतीची गाडी. तरुणपणी त्यांनी ती नागपूरहून आणली तेव्हा पवनीपर्यंतची माणसं पाहायला आली होती म्हणतात. ती पुन्हा उभी करण्यात अर्थ आहे का, एवढं सांगायला सोमाजीला बोलावलं होतं.

सोमाजी मेश्रामनं एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं पत्र्याचं काम केलं. रंगावर त्याचा कधी विश्वास नसे. खिशात जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळलेलं असायचं. ते तो पत्र्यावरून फिरवी. जिथं पत्रा असेल तिथं चुंबक धरे, जिथं पुट्टी भरलेली असेल तिथं घसरे. या गाडीवर ते दारापासून मडगार्डपर्यंत घसरत गेलं होतं. पण पत्रा कापून नवा बसवता येतो. चेसिस महत्त्वाची, म्हणून तो खाली शिरला होता.

आणि त्याला आल्यापासूनच काहीतरी खटकत होतं. वासुदेवरावांची सून कामिनी हिनं सकाळपासून त्याला दोन फोन केले होते. आल्या आल्या पंखा लावून दिला, पाहुण्यांच्या कपात चहा दिला. पत्रेवाल्याला कोणी असा चहा देत नाही. म्हाताऱ्यानं साखर मागितली तर तिनं एक चमचा टाकला. "अजून," म्हटल्यावर दुसराही टाकला. बोलली काही नाही. सोमाजीनं ते पाहून ठेवलं.

पूर्वी त्याचा संशय पत्र्यापुरता असे. फाल्गुनात बायको गेली तेव्हापासून तो माणसांनाही लागला होता. दुधवाला जास्त गोड बोलला तरी सोमाजी भांड्यात डोकावून पाही.

आनंदाबाईला कावीळ झाली आहे, असं त्याला सांगितलं होतं. मुलगी गुड्डी नागपूरला असते, तिनंच आईला तिथल्या दवाखान्यात नेलं. रिपोर्ट आले त्या दिवशी गुड्डी आणि जावई जिन्यापाशी हळू बोलत होते. सोमाजी जवळ गेला की गप्प होत. त्याला वाटलं, दोघांचं भांडण झालं असेल. खरं तर आनंदाबाईच्या पोटात गाठ होती. गुड्डीला माहीत होतं, जावयाला माहीत होतं, आनंदाबाईलाही माहीत होतं. तिनंच लेकीला बजावलं होतं, बापाला सांगू नको, तो जेवण सोडेल. त्या चार महिन्यांत ती त्याला वरण लावायला शिकवायची, कोणत्या डब्यात काय आहे ते दाखवायची. तो म्हणायचा, "मले सोडून मायेरी पळून जातेस का?" ती हसायची. एका दुपारी म्हणाली, "आज नोको जाऊ कामाले. बस माह्याजवळ." शेजारच्या कवडूच्या गोठ्यावर टिन ठोकायचं राहिलं होतं. "उद्या बसतो," म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध नव्हती.

त्यानं पट्टी घेऊन ग्रीस खरवडलं. खाली जुना काळा रंग, रंगाखाली गंज, आणि गंजाच्या मधोमध बोटाएवढी पिवळी रेघ. टॉर्चच्या उजेडात ती चमकली. त्यानं चुंबक लावलं. रेघेवर ते घसरलं.

पितळ.

चेसिस इथं कधीतरी फुटली होती आणि कोणीतरी पितळ वितळवून ती सांधली होती. काम सुरेख होतं. भंडाऱ्याला भांडी घडवणाऱ्याचा हात असावा. पण लोखंडात एकदा पितळ मुरलं की त्यावर वेल्डिंग धरत नाही. वरून शिवण छान दिसते आणि तडा बाजूनं पुढं जातो. इथं तर तडा दोन्हीकडून गंजात पोचला होता. गाडीचा निकाल लागला होता. ग्रीसचा लागत नव्हता.

"सोमाजीभाऊ, या, हात धुऊन घ्या. साबण आणलाय," कामिनीनं मागच्या दारातून हाक मारली.

नळ गोदामाच्या मागं होता. कामिनी पन्नाशीची, नवरा पुण्याला नोकरीवर. सासऱ्याचं सगळं तीच करत होती. तिनं नळ सोडला आणि आवाज खाली आणला.

"काय म्हणता मग?"

"बाद हाय, ताई."

"पूर्ण?"

"पूर्ण. चेसिसलेच मार हाय. थे ग्रीस कोनं लावलं खाली?"

"कोणतं ग्रीस?"

तिला खरंच माहीत नव्हतं. सोमाजीला चेहऱ्यावरून तेवढं कळत होतं. तिनं गोदामाकडं एकदा पाहिलं.

"भाऊ, गाडी दुरुस्त होते, असं बाबांना सांगून द्या ना."

सोमाजीचे साबणाचे हात थांबले. "कोनाले इकायची हाय?"

"विकायची नाही हो. नुसतं काम चालू करा. पत्रा काढा, घासा, रंग द्या. दिवाळीपर्यंत चालू राहू द्या."

"अन् दिवाळीनंतर?"

नळ वाहत होता. तो तिनं बंद केला.

"डॉक्टर बाबांना दिवाळीपर्यंतच वेळ म्हणतात," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधीच सांगितलं त्यांनी."

सोमाजीनं गमछा काढून हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"काकाजीले माहीत हाय?"

"नाही. ह्यांनी बजावलं आहे, बाबांना कळू द्यायचं नाही. एवढ्यात बाबांनीच गाडीचं काढलं. मी म्हटलं, तिच्यात जीव रमला तर तेवढेच दिवस बरे जातील."

"माह्या आधी कोनी पाह्यली?"

"दोघं येऊन गेले. एक नागपूरचा, एक भंडाऱ्याचा. दोघंही, होते दुरुस्त, असंच म्हणाले. पण बाबांचं समाधानच नाही. म्हणतात, अजून एकाले दाखव."

"त्या दोघायलेबी इथंच नळावर आनलं असंल तुम्ही."

तिनं मान खाली घातली.

"माह्या घरी असंच केलं होतं," सोमाजी म्हणाला. "चार महिने मले कावीळ सांगत होते."

"मग तुम्हाला तर समजतं, भाऊ."

"मले समजते, म्हनूनच हो म्हनवत नाही."

कामिनीनं वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज करडा निघाला. "तुम्ही आज एक दिवस आलात. मी रोज त्यांच्या ताटापुढं बसते."

गुड्डीही असंच बसली असेल, आईच्या ताटापुढं आणि मग बापाच्या. हे त्याच्या मनात आजवर आलं नव्हतं. तो गमछा खांद्यावर टाकून आत गेला.

"हात धूत होता का आंघोळ करून आला?" वासुदेवराव म्हणाले.

"ग्रीस सुटत नव्हतं, काकाजी."

"म्हनजे सापडलं तुले."

सोमाजी जागीच उभा राहिला. म्हातारा त्याच्याकडं बारीक डोळ्यांनी पाहत होता, बाजारात बैलाचे दात पाहावेत तसा.

"तुम्ही लावलं थे?"

"मीच. दुपारी सून झोपली होती तवा आडवा झालो इथं. लावाले पाच मिनिटं लागले, उठाले अर्धा घंटा."

"काहून पन?"

"थे मंग. पयले तू सांग. होते का नाही?"

मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या. कामिनी तिथं येऊन उभी होती, हे सोमाजीला वळून न पाहताही कळलं. एक हो म्हटलं असतं तर दोन महिन्यांचं काम होतं. घरी बसून डबे उघडून पाहण्यापेक्षा बरं होतं. शिवाय ती म्हणत होती त्यात वाईट असं काय होतं.

"नाही होत, काकाजी," तो म्हणाला. "पत्र्याचं मी करून देल्लं असतं. पन चेसिस पितळेनं जोडली हाय. त्याच्यावर वेल्डिंग टिकत नाही. रंग देऊन दाखवाले गाडी होईन, बसाले होनार नाही. पयल्याच खड्ड्यात चाक अलग जाईन."

वासुदेवरावांनी खुर्चीला पाठ टेकली.

"बरं झालं," ते म्हणाले. "एक तरी निघाला."

"तुम्हाले माहीत होतं?"

"मले माहीत नसंल तर कोनाले असंल? माह्याच हातानं नालीत गेली होती ही, पवनी रोडवर. भंडाऱ्याच्या पितळवाल्यानं जोडून देल्ली. तवाच म्हनला, घरापर्यंत ने अन् उभी कर, याले पुन्हा आग लावू नोको. म्हनून उभी केली. तू म्हनतेस थे मी चाळीस वर्सांपासून जानतो."

"मंग आमाले काहून खाली लोळवून राहिले?"

"पाहाले." म्हाताऱ्यानं काठी उभी केली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. "पयला म्हनला, होते. मले वाटलं, याले काम येत नसंल. दुसऱ्यानं थे पितळ बरोबर पाह्यलं. मी इथूनच पाहत होतो, बोट फिरवलं त्यानं. मंग मांगं हात धुवाले गेला, अन् येऊन म्हनला, होते साहेब, एकदम नवी करून देतो. तवा मी ग्रीस लावलं. म्हनलं, आता जो येईन त्याले शोधाले तर लावू."

सोमाजीनं हातातली पट्टी खाली ठेवली. म्हातारा पुढं बोलू लागला.

"पुण्याहून पोराचा पंधरा दिवसांतून एक फोन ये. आता रोज येते. दोन वर्सं मले या घरात साखर भेटत नव्हती, चोरून खाल्ली तर सून भांडे. आता मांगतली का भेटते. दोन चमचे म्हनलं तर दोन चमचे." म्हाताऱ्यानं आवाज चढवला नाही. "सोमाजी, गाडीचं झालं. आता दुसरं सांग. नळावर तुले काय सांगतलं तिनं?"

गोदामात पंखा फिरत होता आणि कोंड्याचा बारीक धुरळा त्याच्या वाऱ्यानं उडत होता. काही नाही म्हणावं, निघून जावं, असं सोमाजीच्या ओठांवर आलं. मग तो तिसरा झाला असता. आणि सगळं सांगून टाकावं, तर ते सांगायला तो कोण? तो पत्रा पाहायला आला होता.

आनंदाबाईनं त्या दुपारी त्याला बसायला सांगितलं तेव्हा तिच्या मनात काय बोलायचं होतं, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. गुड्डीही नाही.

"सांगतलं तिनं," तो म्हणाला. "पन थे तुम्ही तिच्या तोंडून ऐका."

तो वळला.

"ताई, इकडं या. काकाजी इचारून राहिले. मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही, अन् तुमच्या बदल्यात खरंबी बोलत नाही."

कामिनीनं त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती त्यानं खाली न पाहता घेतली. ती जागची हलेना. हातात साबणाची डबी तशीच होती.

"ये, बेटा," वासुदेवराव म्हणाले. "उभी नोको राहू. मी काही रागावून नाही राहिलो."

ती आली. गाडीजवळ एक रिकामा तेलाचा डबा होता, तो तिनं उपडा करून सासऱ्याच्या खुर्चीसमोर ओढला आणि बसली. पदर सावरला. सोमाजीनं पट्टी, टॉर्च, हातोडी पिशवीत भरली. हातोडी पट्टीवर आपटू नये म्हणून मध्ये फडकं घातलं. कोणी त्याला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

दाराबाहेर ऊन होतं. मिल बंद होती, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं.

"किती दिवस म्हनते डॉक्टर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मग कामिनीचा आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते. आवाज एकदा तुटला, पुन्हा लागला.

सोमाजीनं भिंतीला टेकवलेली लुना स्टँडवरून काढली. तिचा सायलेन्सर फुटका होता, चालू केली की चार घरांत ऐकू जाई. पायडलवर ठेवलेला पाय त्यानं खाली घेतला. पिशवी हँडलला अडकवली आणि लुना हातानं ढकलत तो फाटकाबाहेर पडला. वाटेत हनुमंताच्या देवळापाशी कोणीतरी विचारलं, "काय, सोमाजी, पेट्रोल संपलं का?" त्यानं नुसती मान हलवली आणि नाल्याच्या पुलापर्यंत ती तशीच ढकलत नेली.