कोठ्यातला काटा

भागीरथाबाईला गाईच्या कोठ्यात एक काटा सापडला आणि त्या काट्याचा नायटा झाला. वीतभर लांब, काळा-पांढरा, सायाळीचा, म्हणजे साळिंदराचा काटा. शेण काढताना दावणीपाशी दिसला. आरमोरीकडच्या खेड्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक, की हा काटा कोणी गुपचूप घरात टाकला की त्या घरात भांडण लागतं. भांडण तर लागलेलंच होतं. महिनाभर सासू-सुनेचं एकाही गोष्टीवर पटत नव्हतं. मग काटा टाकणारं माणूस शोधायला भागीरथाबाईला लांब जावं लागलं नाही.

"तूच टाकला," विहिरीवर चार बायांसमोर ती सुनेला म्हणाली. "भांडण लावून घुग्घुसले नवऱ्याकडं पळाचं हाय तुले."

तिचा मुलगा प्रफुल घुग्घुसच्या खाणीत कामाला होता. सून उर्वशीनं दोर विहिरीत सोडला. घागर भरून घरी आली आणि भावाला फोन केला, सकाळी न्यायला ये म्हणून.

उचलली जीभ लावली टाळ्याला, पण त्यानंतर भागीरथाबाईला जेवण जाईना. सून गेली तर घरात उरणार भिंती, आणि भिंतींशी भांडताही येत नाही. बसवेना म्हणून ती पुन्हा कोठ्यात गेली. दावणीपाशी कोपऱ्यात रचलेले कोहळे उगाच इकडचे तिकडे करू लागली, तर खालचे सगळे कुरतडलेले. त्यांच्यामागे ताजी माती, आणि गाईच्या पायाखाली शिरलेलं बीळ.

तिनं शेजारच्या लटारूभाऊंना हाक मारली. त्यांनी वाकून बिळाच्या तोंडातून आणखी चार काटे काढले.

"सायाळ हाय, बाई. इथीच राहून राह्यली. तिचेच काटे गळतेत."

"म्हंजे कोणी टाकले नाई?"

"सायाळीनं टाकले."

भागीरथाबाईची नजर भिंतीकडं गेली. कोठ्याला लागूनच उर्वशीची खोली. "आई, कोठ्याखाली कोणीतरी उकरून राह्यलं," असं ती कितीदा म्हणाली होती. "तुले इथं राहाचं नाई, म्हणून आवाज येते," असं सासूनं तिला उत्तर दिलं होतं.

"मारू नका, फॉरेस्टवाले धरतीन," लटारूभाऊ म्हणाले. "कोहळे हलवा, तोंडाशी राख पसरा. सकाळी पावलं बाहेर गेलेली दिसली का धोंडा लावा."

कोहळे हलवले, राख पसरली. एक वाक्य तेवढं तोंडातून निघेना. सुनेच्या दाराशी ती पुन्हा पुन्हा गेली, आणि दर वेळी भलतंच काही विचारून परत आली. मीठ कुठी ठेवलं, गाईले पाणी दाखवलं का. आत पिशवी भरली जात होती.

सकाळी राखेत बाहेर गेलेली पावलं होती. तिनं धोंडा लोटला तोच अंगणात मोटारसायकल वाजली. उर्वशीचा भाऊ पियुष आला होता, आणि कुंपणाशी विहिरीवरच्या बायाही जमल्या होत्या. उर्वशी पिशवी घेऊन मागे बसलीसुद्धा.

भागीरथाबाई राखेच्या हातांनी, मुठीत काटे घेऊन तशीच पुढे आली. "बायाहो, ऐका. हे काटे सायाळीचे हायेत. माह्या सुनेनं काई टाकलं नाई. मी चुकली."

"चाल, पियुष," उर्वशी म्हणाली. गाडी थोडी सरकली, आणि उर्वशीनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"धोंडा कुठी लावला, आई?"

"दावणीपाशी."

"दुसरं तोंड हाय तिचं. माह्या खोलीमागं, तुराट्यांच्या ढिगाखाली. तिथूनच वापस येते ते."

'तुले काय समजते' हे शब्द सवयीनं भागीरथाबाईच्या जिभेवर आले. तिनं ते गिळले.

"मले दाखव ना, पोरी," ती म्हणाली.

उर्वशी उतरली आणि मागे न बघता तुराट्यांकडे चालू लागली. पिशवी मात्र गाडीवरच होती. भागीरथाबाईनं ती उचलली, काखेत मारली आणि सुनेच्या मागोमाग निघाली. पियुषनं गाडी बंद केली.